गाडी तापायची ती ठिकाणं

सोसायटीच्या गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र बसवलं, त्या गुरुवारी करुणा आपल्याच चेहऱ्याला दचकली. वॉचमननं टॅब समोर धरला, "मॅडम, चष्मा काढा, हिकडं बघा," म्हणाला, आणि चष्मा काढून बघते तो काचेत ऑस्टिन. कपाळावरच्या त्याच दोन आडव्या रेघा, तेच खाली ओढलेले ओठ, आणि डावी भुवई किंचित वर, कुणी काही विचारलंय पण उत्तर द्यायचं नाही असं ठरवून टाकल्यासारखी. क्षणभरच. मग चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आली, खाली तिचं नाव आणि फ्लॅटचा नंबर उमटला, आणि वॉचमन समाधानानं म्हणाला, "झालं. आता गेट तुम्हाला विसरणार न्हाई." कोथिंबिरीची जुडी तशीच हातात धरून ती लिफ्टपाशी उभी राहिली. लिफ्ट आली, उघडली, मिटली, परत वर गेली. ऑस्टिन तिचा धाकटा भाऊ. दौंडला राहायचा, वडगाव शेरीतल्या या फ्लॅटपासून दोन तासांच्या वाटेवर. आणि अकरा वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्याचा फोटोसुद्धा तिनं घरात लावला नव्हता. आणि आता तो असा, न विचारता, तिच्याच तोंडावर येऊन बसला होता. त्या दिवशी घरात तिनं आरशासमोर जायचं टाळलं. केस विंचरतानाही खिडकीकडं तोंड केलं, आणि साठी उलटलेल्या बाईनं असं करावं याचं तिचं तिलाच हसू आलं, पण तोंड काही तिनं वळवलं नाही.

शनिवारी रात्री जेवताना फेथनं विषय काढला. फेथ तिची एकुलती एक मुलगी, अठ्ठावीस वर्षांची, खराडीतल्या एका कंपनीत कामाला. वडील गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच. सुटीच्या दिवशी फेथ गाडी काढून कुठं कुठं जायची, वाटेतले थांबे आधी ठरवायची, तिथं उतरून फोटो काढायची आणि इंटरनेटवर टाकायची. "सगळे पावसाळ्यातलं हिरवंगार टाकतात, मम्मी. मला या वेळी भाजलेलं हवंय. पिवळं, तपकिरी. आपल्या बाजूचा खरा रंग तोच आहे." तिनं फोनवरची यादी पुढं केली. शिरूर, घोडनदीचं पात्र. न्हावऱ्याच्या अलीकडचा चढ. पाटसच्या पुढचं माळरान. करुणानं यादी वाचली आणि परत वाचली. फेथनं ही ठिकाणं नकाशावर बोट फिरवून काढली असणार, वरून झाडं दिसत नाहीत अशा जागा बघून. तिच्या आजोबांची जीप नेमकी याच वाटेवर तापायची, हे तिला कुठून माहीत असणार. "मी येते," करुणा म्हणाली, आणि लगेच पुढं जोडलं, "पाटसपर्यंत." पाटसच्या पुढं दौंड होतं. फेथनं वरणभाताचा घास घेतला, सावकाश चावला, आणि पाटसपर्यंतच का, असं काही विचारलं नाही. "पाटसहून तुला पुण्याच्या ढीगभर बस मिळतील," एवढंच म्हणाली.

रविवारी उजाडता निघाल्या. कोरेगाव भीमाच्या पुलावर ऊन अजून कोवळं होतं. रांजणगावच्या कंपन्यांपाशी रात्रपाळीची माणसं डबे हलवत बसची वाट बघत उभी होती. गाडीत एसी चालू होता आणि बाहेरचा उन्हाळा काचेपलीकडं, आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखा चालला होता. करुणाला हे काही खरं वाटेना. ह्या रस्त्यानं जायचं म्हणजे तोंडावर गरम वारा हवा, दातांत धूळ हवी, सीटच्या फाटक्या रेक्झिनचा मांडीला चटका हवा. तिनं काच खाली केली. "मम्मी, एसी चालू आहे," फेथ म्हणाली. "असू दे," ती म्हणाली, आणि आत आलेल्या वाऱ्याला पाचटाचा, डिझेलचा आणि कुठंतरी जळणाऱ्या बांधाचा वास होता. तो वास आला आणि बन्यामीन आले. करुणाचे वडील. खाकी शर्ट, डोक्याला ओल्या पंच्याची गुंडाळी, स्टिअरिंगवर दोन्ही हात असे धरलेले की जणू प्रार्थनेचं पुस्तक धरलंय. शिरूरला मिशनच्या दवाखान्याची जीप ते चालवायचे. शिरूरला रेल्वे नाही. दवाखान्याची औषधं, बँडेजचे गठ्ठे, दूधपावडरचे डबे दौंडच्या स्टेशनवर उतरायचे, आणि महिन्यातून दोनदा बन्यामीन ते आणायला जायचे. मे महिन्याच्या सुटीत दोन्ही पोरांना बरोबर घ्यायचे. आई, दयाबाई, अंधारात उठून भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून द्यायची, आणि जीपच्या पुढच्या बंपरला कॅनव्हासची पाण्याची पिशवी अडकवायची. चालत्या वाऱ्यानं ते पाणी असं गार व्हायचं की पुढं मस्कतला नर्सच्या नोकरीतल्या बारा वर्षांत कुठल्या फ्रिजमधल्या पाण्याला तिला ती चव लागली नाही.

घोडनदीच्या पात्रात फेथ उतरली. उन्हानं पांढरे झालेले दगड, मधे एका डबक्यात उरलेलं शेवाळी पाणी, त्यात एक म्हैस नाकापर्यंत बुडालेली. फेथ गुडघ्यावर बसून, मग चक्क पोटावर आडवी होऊन फोटो काढू लागली. करुणा पुलाच्या सावलीत उभी राहिली. इथून मिशनचं आवार पंधरा मिनिटांच्या चालीवर होतं, पण तिकडं जावंसं तिला वाटलं नाही. तिथं आता कोण आहे, काय आहे, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक होतं ते तिथं नव्हतं. फेथ एकेक दगड निरखून टिपत होती. बन्यामीनजवळ कॅमेरा नव्हता. गाडी तापून थांबली की बॉनेट वर करून ते पोरांना सावलीला बसवायचे आणि म्हणायचे, "बघून घ्या." मग थोड्या वेळानं, "आता डोळे मिटा आन् सांगा, काय काय हाय समोर." करुणा घडाघडा सांगायची. बाभळ, बांध, तीन शेळ्या, तारेवर कोतवाल पक्षी, लांब एक सायकलवाला. दहा गोष्टी, बारा गोष्टी. ती थोरली होती आणि वर्गात पहिली यायची. ऑस्टिनला चारच्या पुढं कधी जाता आलं नाही. पण त्या चारांत एक अशी असायची की बन्यामीन बॉनेटवरून मान काढून त्याच्याकडं बघायचे. एकदा भीमेच्या पुलावर तो म्हणाला होता, "बाबाच्या मानंवर घामाचं मीठ वाळलंय." डोळे घट्ट मिटलेले, सहा वर्षांचं पोर. बन्यामीननी मानेवरून हात फिरवला आणि बोटं बघितली. करुणाला त्या दिवशी राग आला होता. आपण तेरा गोष्टी सांगितल्या आणि शाबासकी त्याच्या एका गोष्टीला. शाबासकी म्हणजे तरी काय, दौंडला पोचेपर्यंत बाबांनी एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला होता, गियर बदलण्यापुरता काढायचे, परत ठेवायचे.

न्हावऱ्याच्या अलीकडं रस्ता चढू लागतो. चढ असा काही मोठा नाही; फेथच्या गाडीला तो कळलासुद्धा नाही. पण करुणाचं अंग आपोआप पुढं झुकलं, जीपला मदत करायला झुकायचं तसं. "इथं थांब," ती म्हणाली. फेथच्या यादीतली खूण आणखी थोडी पुढं होती, पण तिनं गाडी कडेला घेतली. उजव्या हाताला नांगरून उलथून टाकलेली काळी-तपकिरी ढेकळं थेट आभाळापर्यंत गेलेली, आणि मधोमध एकच कडुलिंब. फेथला जागा आवडली. ती शेतात शिरली. करुणा लिंबाकडं बघत राहिली. झाड तेच होतं की नाही, सांगता आलं नसतं. पण इथं घर होतं. दगडमातीचं, वर जुनाट कौलं, दारात रांजण. घरात गिताबाई नावाची एक विधवा बाई एकटीच राहायची. जीप इथं हटकून तापायची. रेडिएटरमधून वाफ फुसफुसायची आणि बन्यामीन डबा घेऊन उतरायचे. वाटेवर तीन-चार ठिकाणी ते असे गाडीसाठी पाणी मागायचे, कुठल्याही दारात, मोकळ्या आवाजात: "मामा, गाडीला पाणी द्या जरा." लोक द्यायचे. पण पोरांना तहान लागली तर ते मागं जायचे, बंपरची पिशवी सोडायचे, तिच्यातलं द्यायचे. ती संपली तर, "कळ काढा, पुढं बघू." लहानपणी करुणाला वाटायचं, बाबांना गाडीची काळजी आमच्यापेक्षा जास्त. पंचावन्न वर्षांनी, याच चढावर, गार गाडीतून उतरून, हातात झाकणाची महागडी बाटली घेऊन उभी असताना तिला ते कळलं, आणि इतकं साधं कळलं की इतकी वर्षं कसं कळलं नाही याचीच लाज वाटली. गाडीसाठी मागताना कुणी विचारायचं नाही, तुम्ही कोण. माणसांसाठी मागताना विचारलं असतं. आणि उत्तर ऐकून कुणी वरून, हातभर अंतरानं, ओंजळीत ओतलं असतं, आणि ते पोरांनी बघितलं असतं. फक्त या एका दारात तसं नव्हतं. गिताबाई स्वतःच तांब्या घेऊन बाहेर यायची, गुळाचा खडा हातावर ठेवायची, आणि तांब्या पोरांच्या हातात द्यायची. "प्या रं, तोंड लावून प्या. सांडू नका." कुणाची कोण, तिनंही कधी विचारलं नाही आणि बाबांनीही कधी सांगितलं नाही. नाताळाच्या सुटीतही एकदा दोघं भावंडं बाबांबरोबर होती. थंडीचे दिवस, इंजिन गारठलेलं, आणि तरीही या चढावर बन्यामीननी जीप कडेला घेतली, बॉनेट वर केलं आणि म्हणाले, "तापली." ऑस्टिननं बॉनेटला हात लावून बघितला होता. त्यानं अक्काकडं बघितलं. दोघंही काही बोलली नाहीत. भावंडांमधलं ते पहिलं गुपित होतं, आणि ते आज या जगात तिच्याशिवाय एकाच माणसाला माहीत होतं.

"मम्मी, इकडे बघ ना, तुझा एक घेते," फेथनं शेतातून हाक मारली. "माझा नको," करुणा म्हणाली. तोंड वळवून ती गाडीत जाऊन बसली.

भीमेच्या पुलावर फेथ थांबणारच नव्हती. खाली जलपर्णी पसरलेली, दोन्ही काठांना ऊस, सगळं हिरवं. चौफुल्याला चहा झाला. मग वरवंड गेलं, पाटस आलं. साखर कारखान्याची चिमणी कधीचीच दिसत होती. गळीत संपलेलं, चिमणीतून धूर नाही. हायवेला पुलाखाली फेथनं गाडी थांबवली. "इथं मिळेल तुला बस," ती म्हणाली. स्वर साधा होता. ना आग्रह, ना रुसवा. करुणा पर्स घेऊन उतरली. सावलीत दोन बाया गाठोड्यांवर बसलेल्या, एक म्हातारा कलिंगडाच्या फोडींवरच्या माशा वारत होता. फेथ लगेच गेली नाही. गाडी चालू ठेवून स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली.

दयाबाई दौंडला गेली ती ऑस्टिनला रेल्वेत नोकरी लागल्यावर. तो मालगाडीचा ड्रायव्हर झाला. बापासारखाच, फक्त रुळांवरचा. बन्यामीन तोवर गेले होते. करुणा नर्सिंग करून आधी पुण्यात, मग मस्कतला. आईची शेवटची वीस वर्षं ऑस्टिनच्याच घरात गेली. दोन हजार तेराच्या मे महिन्यात पहाटे त्याचा फोन आला, आई गेली. करुणा तेव्हा रात्रपाळी संपवून युनिफॉर्म उतरवत होती. ती म्हणाली, "मला उद्या सकाळचं विमान आहे. संध्याकाळपर्यंत पोचते. मी येईपर्यंत थांब." पलीकडं जरा वेळ काहीच नाही. मग तो म्हणाला, "बरं." दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन थेट दौंडला आली, तर दारात फक्त चपला होत्या आणि आतल्या खोलीतली खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. आदल्या संध्याकाळीच माती झाली होती. आलेल्या सगळ्या माणसांसमोर ती म्हणाली होती, "माझ्या आईचं तोंड मला न दाखवता तू तिला पुरलंस." ऑस्टिन उठून मोरीत गेला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला. ते हात धुणं तिला इतकं निर्दय वाटलं की तिनं रात्रीही तिथं थांबायचं नाकारलं. त्यानंतर फोन नाही, नाताळची चिठ्ठी नाही. तिचा नवरा वारला तेव्हा ऑस्टिन आला होता, मागच्या बाकावर बसून निघून गेला, असं तिला कुणीतरी नंतर सांगितलं.

सोलापूरहून आलेली स्वारगेटची बस थांबली. कंडक्टरनं दार उघडून तिच्याकडं बघितलं. "पुणं ना? चढा बाई, लवकर. थांबायला येळ न्हाई." करुणानं पाऊल उचललं. पायरीच्या लोखंडी दांडीला हात लावला; दांडी तापलेली होती. "मला जायचं न्हाई," ती म्हणाली. कुणी म्हटलं हे तिचं तिलाच क्षणभर कळलं नाही. "नाही" नव्हे, "न्हाई", शिरूरच्या आवारातलं, पंचेचाळीस वर्षांत तिच्या तोंडून न आलेलं. कंडक्टर काहीतरी पुटपुटला, बेल वाजली, बस गेली. ती परत येऊन गाडीत बसली आणि पट्टा लावू लागली. तो काही केल्या लागेना. फेथनं तिच्या हातातून घेऊन लावून दिला.

पाटसच्या पुढं माळ सुरू झाला. दोन्ही बाजूंना पिवळं, कुरतडलेलं गवत, मधेच उघडे पडलेले खडक, आणि वर सगळा रंग उडून गेलेलं आभाळ. गाडीतल्या पडद्यावर बाहेरचं तापमान बेचाळीस दाखवत होतं. फेथ एका ठिकाणी थांबली. मेंढ्यांचा कळप होता. सावली कुठंच नव्हती, म्हणून मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या होत्या, एकीच्या सावलीत दुसरी, दुसरीच्या सावलीत तिसरी. फेथनं पाच-सहा फोटो काढले आणि मग कॅमेरा खाली केला. "मम्मी, त्या दिवशी पण असंच ऊन होतं," ती म्हणाली. "कुठल्या दिवशी?" करुणानं विचारलं, खरं तर विचारायची गरज नव्हती. "आजीच्या. मी होते ना तिथं. पुण्याच्या हॉस्टेलवरून मामानं मला बोलावून घेतलं होतं. मी सतरा वर्षांची होते." फेथनं कॅमेऱ्याचं झाकण लावलं. "तू मला कधी विचारलंच नाहीस, तिथं काय झालं. मी दोनदा सांगायला आले. तू म्हणालीस, तो विषय नको."

मग उन्हातच उभं राहून फेथनं सांगितलं. चर्चचे पाळक दुपारी बारालाच म्हणाले होते, उशीर करू नका. मामा म्हणाला, अक्का येतीय. पुण्याहून थंड पेटी मागवली होती, ती मिळाली नाही. वीज गेलेली. मामानं स्वतः जाऊन बर्फाच्या लाद्या आणल्या, रिक्षात घालून, पोत्यांत गुंडाळून. दोनला त्या वितळल्या. परत आणल्या. तिसऱ्यांदा गेला तेव्हा कारखान्यात बर्फच उरला नव्हता. मग त्यानं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि आतून कडी लावली. "मी खिडकीतून बघितलं. तो आजीच्या तोंडावर वर्तमानपत्रानं वारा घालत होता. एक हात दुखला की दुसऱ्या हातानं. साडेपाचला त्यानं दार उघडलं आणि म्हणाला, चला. मला म्हणाला, तुझ्या आईला सांगू नको, आजी कशी दिसत व्हती ते."

एक मेंढी खोकली. करुणानं गाडीच्या टपावर हात टेकला, चटका बसला, तरी हात तसाच ठेवला. तिला वाटलं, आता आपल्याला धक्का बसायला हवा. पण धक्का बसला नाही, आणि तेच भयंकर होतं. पस्तीस वर्षं तिनं वॉर्डांत काढली होती. त्रेचाळीस अंशांत, पंख्याशिवाय, सत्याऐंशी वर्षांच्या देहाचं किती तासांत काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मस्कतच्या त्या खोलीत फोन ठेवतानाच तिला ते ठाऊक होतं. "बरं" म्हणण्याआधी ऑस्टिन जितका वेळ गप्प राहिला, तेवढ्या वेळात तिनं तास मोजले होते, आणि जमणार नाही हे तिच्या लक्षात आलं होतं. तरी ती म्हणाली होती, थांब. कारण एप्रिलमध्ये आईनं फोनवर म्हटलं होतं, "करुणा, या टायमाला येऊन जा," आणि ती म्हणाली होती, "जुलैत येते, आई. जुलैत सुटी मंजूर आहे." आई म्हणाली, "बरं, जुलैत तर जुलैत." एवढंच. ते एवढंसं वाक्य स्वतःजवळ ठेवून घेणं तिला झेपलं नसतं. ते कुणालातरी द्यायला हवं होतं, आणि दारात ऑस्टिन उभा होता, बिनबोलता घेणारा.

दौंडला ऑस्टिनचं घर स्टेशनाच्या पलीकडं, नदीकडच्या बाजूला होतं. फेथला रस्ता विचारावा लागला नाही. त्याची मुलगी प्रिन्सी आणि ती, दोघी मामे-आतेबहिणी, कधीपासून एकमेकींशी बोलत होत्या हे करुणाला गाडी दारात थांबल्यावर कळलं, आणि त्याबद्दल काही वाटायला तिच्यात आता जागा उरली नव्हती. पत्र्याची पडवी, पडवीत प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत बनियनवर ऑस्टिन. पूर्वीपेक्षा बारीक झालेला. तो उठला, शर्ट घालायला आत जावं की नाही अशा घोटाळ्यात उभा राहिला.

"अक्का," तो म्हणाला.

प्रिन्सीनं पाणी आणलं. ती आणि फेथ आत गेल्या. ऑस्टिननं खुर्ची पुढं सरकवली, पण करुणा पडवीच्या पायरीवरच बसली.

"आस्तू, मला एक सांगायचंय."

"आधी पानी तर पी."

"मला ठाऊक होतं. तू थांबू शकणार नाहीस, हे मला फोनवरच ठाऊक होतं. मी नर्स आहे. मला न कळायला काय झालं? मला आईनं एप्रिलमध्ये बोलावलं होतं आणि मी आले नाही. तो राग मी तुझ्यावर काढला."

ऑस्टिन खुर्चीत बसला. समोरच्या रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला. त्याच्या मागं रस्त्यावर ओली रेघ पडली आणि बघता बघता वाळली.

"कवापासून ठाव व्हतं?"

"पहिल्यापासून."

"म्हंजी दारात उभी ऱ्हाऊन बोललीस, तवाबी."

"व्हय."

तो एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलू लागला. "मला वाटायचं, तुला खरंच वाटतंय का मी दुष्टपणा केला. मला वाटायचं, आनखी एक लादी मिळाली असती तर. काष्टीला मानूस पाठवला असता तर. इंजिनात बसून रातभर तेच. मनमाड येईस्तवर तेच, परतताना तेच. अकरा वर्सं, अक्का." त्याचा आवाज चढला नाही. "सही करून निवृत्त झालो त्या दिवशीबी मला बर्फच आठवला. आन् तुला म्हाईत व्हतं."

"व्हय, आस्तू."

तो उठला. आत गेला. दार लावलं, आपटलं नाही. नुसती कडी सरकल्याचा आवाज आला.

करुणा पायरीवर बसून राहिली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, मग तोही थांबला. ती रडली नाही. रडणं इथं घेऊन येण्यासारखं नाही, असं तिला वाटलं. हे त्याचं दार होतं आणि आत त्याचा राग होता, अकरा वर्षं उशिरानं आलेला, पण पूर्ण त्याच्या हक्काचा. मागच्या दारानं फेथ बाहेर आली. खाली वाकून हळूच म्हणाली, "मम्मी, मामा बोलत नाहीये. निघू या का? आपण परत येऊ कधीतरी."

"न्हाई," करुणा म्हणाली. "तू आत जा. मी थांबते."

पडवीची सावली आधी तिच्या पावलांवरून गेली, मग गुडघ्यांवरून. समोरच्या घरातल्या एका बाईनं पडदा बाजूला करून बघितलं आणि पडदा सोडला. लांब स्टेशनात इंजिन डबे जोडत होतं. प्रत्येक डब्याचा धक्का पुढच्या डब्याला, असा आवाज लांबवर जात संपत होता. दीडच्या सुमाराला ऊन तिच्या तोंडावर आलं. तिनं पदर डोक्यावर घेतला. तहान लागली होती, पेला बाजूलाच होता, पण ते पाणी आता गरम झालं असणार. साडेतीनच्या पुढं तिनं घड्याळ बघणं सोडून दिलं.

कडी सरकली. ऑस्टिन दारात उभा होता. शर्ट घातलेला, डोळे लाल, दाढीचे खुंट ओले.

"आत ये," तो म्हणाला. "ऊन लागंल."

ती उठू लागली. बसून बसून पाय आखडले होते. त्यानं हात पुढं केला नाही, पण दार धरून ठेवलं, ती भिंतीचा आधार घेत उभी राहीपर्यंत, चप्पल काढीपर्यंत, उंबऱ्याशी येईपर्यंत.

"तुझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"न्हाई गेला," तो म्हणाला. "लवकर जानारबी न्हाई. आमी कुनीच जेवलो न्हाई, तू बाहेर बसलीस म्हनून. चल, हात धू."